तुळई

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत उत्तर ध्रुवाकडच्या एका चर्चविषयी लेख कशासाठी, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. संपादक मंडळाने माझ्याकडे वसतिगृहातील आठवणी मागितल्या होत्या. पहाटेची घंटा, हिवाळ्यातली विहिरीवरची आंघोळ, ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण, रांगेत बसून केलेली वंदना, हे सारे माझ्या आधीच्या आणि नंतरच्या अनेक विद्यार्थ्यांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. मला सांगायची आहे ती या शाळेत ऐकलेली एक गोष्ट. ती मी चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसांना ऐकवली. ती चूक मला पस्तीस वर्षांनी, घरापासून हजारो किलोमीटरांवर, एका लाकडी इमारतीत उमगली.

माझी मुलगी स्वीडनच्या उत्तरेकडील लुलेओ या शहरात धातुशास्त्राचे संशोधन करते. 2023 च्या जून महिन्यात मी तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो. नोकरीतून निवृत्त झालेला बाप मुलीकडे गेला म्हणजे तिने त्याला काहीतरी दाखवायला हवे, या कर्तव्यबुद्धीने तिने किरूनाची तिकिटे काढली. रेल्वेचा प्रवास सुमारे चार तासांचा. दोन्ही बाजूंना बर्च आणि पाइन, मध्येच एखादे तळे, मैलोन्मैल माणूस नाही. समोरून मात्र लोहखनिजाच्या मालगाड्या येत होत्या. मी सवयीने डबे मोजू लागलो आणि पन्नासच्या पुढे मोजणी चुकली. मुलीने सांगितले, अडुसष्ट असतात. मलकापूरच्या फाटकावर उभा राहून मालगाडीचे डबे मोजण्यात माझे बालपण गेले आहे. ते ऐकून ती हसली.

किरूना ध्रुववृत्ताच्याही उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. जूनमध्ये तेथे सूर्य मावळत नाही. रात्री अकरा वाजता खिडकीचा पडदा ओढून झोपावे लागते आणि तरी फटीतून ऊन अंथरुणावर पडते. गावाचे नाव सामी भाषेतील पांढऱ्या रानपक्ष्याच्या नावावरून आलेले आहे. सामी हे त्या प्रदेशातील मूळ रहिवासी. रेनडिअरचे कळप घेऊन ते ऋतूप्रमाणे डोंगरातून सपाटीकडे आणि सपाटीतून डोंगराकडे फिरत आले. डोंगरात लोखंड आहे हे जगाला कळले, 1890 मध्ये एलकेएबी ही कंपनी स्थापन झाली, 1902 मध्ये रेल्वे पलीकडे नॉर्वेच्या नार्विक बंदरापर्यंत पोहोचली, आणि जेथे तंबू उभे राहत होते तेथे शहर वसले. आज तेथील भूगर्भातील लोखंडाची खाण जगातील सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाते.

या खाणीनेच शहर वसवले आणि आता खाणच ते उठवते आहे. खनिजाचा पट्टा जमिनीत सरळ उभा नाही. तो तिरका होत शहराच्या खाली शिरतो. जितके खोल खणावे तितके शहराखाली जावे लागते, आणि खालचा दगड काढला की वरची जमीन खचू लागते. मध्यरात्रीनंतर खाणीत सुरुंग उडतात. आम्ही उतरलो होतो त्या घरात मला रात्री एकदा पलंगाखालून कोणी हळूच धक्का दिल्यासारखे वाटले. 2004 मध्ये कंपनीने नगरपालिकेला कळवले की शहराचा मध्यभाग हलवावा लागेल. तेव्हापासून रस्ते, शाळा, घरे, नगरपालिकेची इमारत, सगळे हळूहळू पूर्वेकडे तीन किलोमीटर सरकते आहे. 2022 मध्ये नव्या मध्यवस्तीचे उद्घाटन झाले. आम्ही जुन्या रस्त्यांवरून चाललो तेव्हा काही घरांना कुंपणे घातलेली होती. खिडक्यांत पडदे नव्हते. एका ओसरीत लहान मुलाची तीनचाकी सायकल तशीच राहिलेली होती.

मला हे नवे नव्हते. रिकाम्या झालेल्या गावाची शांतता कशी असते, हे मी जाणतो. पण मी मुलीला काही बोललो नाही.

चर्च टेकाडावर आहे. म्हणजे तेव्हा होते. लाल रंगाचे, संपूर्ण लाकडी, आणि छप्पर इतके उतरते की दुरून पाहिले तर भिंती दिसण्याऐवजी मोठा तंबूच दिसतो. तंबूच तो. वास्तुविशारद गुस्ताफ विकमन यांनी सामी लोकांच्या निवाऱ्यावरून तो घाट घेतला. खाणीचे पहिले व्यवस्थापक यालमार लुंडबूम यांची तशी इच्छा होती, असे सांगतात. 1909 ते 1912 या काळात बांधकाम झाले, खर्च कंपनीने केला. स्वीडनमधील लोकांनी 2001 मध्ये 1950 पूर्वीच्या इमारतींत सर्वांत सुंदर म्हणून याची निवड केली होती. मला सौंदर्याबरोबर दुसरेही काही दिसत होते. ज्यांच्या चराऊ जमिनीवर खाण आली, त्यांच्याच घराचा आकार देवघराला दिला. यात आदर किती आणि सोय किती, हे माझ्यासारख्या परक्याने ठरवू नये. पण आपल्याकडेही ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांच्या ढोलकीचा ताल उत्सवात चालत होता, एवढे आठवले.

छपराच्या कडेने सोन्याचा मुलामा दिलेल्या बारा मूर्ती उभ्या आहेत. त्या संतांच्या असतील असे मला वाटले होते. मुलीने फलक वाचून सांगितले की क्रिस्टियान एरिकसन या शिल्पकाराने माणसाच्या मनाच्या अवस्था घडवल्या आहेत. निराशा, लज्जा, विषाद, शोक, विश्वास, प्रेम, आनंद, नम्रता अशी ती नावे. त्यांत एक उद्दामपणाही आहे. खालून पाहताना कोणती मूर्ती कोणती हे मला ओळखता आले नाही. उन्हात सगळ्या सारख्याच चमकत होत्या.

दाराशी मी थांबलो. मुलगी आत गेली, मागे वळून पाहू लागली. "बाबा, काय झालं?" मी म्हटले, "चपला कुठे काढायच्या?" ती म्हणाली, "काढायच्या नसतात." मग मी विचारले, "कोणाला विचारावं लागतं का?" ती गोंधळली. तिचा जन्म पुण्यातला. देवाच्या दाराशी विचारावे लागते ही कल्पना तिच्या अंगात नाही, याचे मला समाधान वाटते. माझ्या आजोबांच्या अंगात ती होती, आणि माझ्यात ती थोडी उरली आहे. आपल्याच जिल्ह्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. मंगळवेढ्याला भिंत बांधताना ती कोसळून ते गेले आणि पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. ज्याने भिंत उभारायची त्याने आत जायचे नाही, हा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. किरूनाच्या त्या दारात मात्र कोणी काही विचारले नाही. मी बूट पायात ठेवूनच आत गेलो आणि उगीचच पाय हलके टाकत चाललो.

आत प्रथम अंधार वाटतो. मग डोळे सरावतात आणि वरच्या खिडक्यांतून उतरणारा उजेड दिसतो. चारही बाजूंनी लाकूड. खांब, तिरप्या तुळया, त्यांना जोडणारे आडवे वासे, सगळे उघडे, काळपट तपकिरी. डांबराचा आणि जुन्या लाकडाचा वास. मी क्रूसावरचा येशू शोधत होतो. वेदीवर राजपुत्र यूजेन यांनी रंगवलेले चित्र आहे आणि त्यात उन्हात न्हालेली झाडी आहे. वर्षातले काही आठवडे जेथे सूर्य उगवतच नाही, तेथे वेदीवर ऊन रंगवले आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटले.

बाकावर बसून मी वर पाहू लागलो आणि मला अजिंठा आठवला. आठवीत असताना शाळेची सहल गेली होती. एकोणीस आणि सव्वीस क्रमांकाच्या चैत्यगृहांत छताला दगडाच्या कमानदार फासळ्या आहेत. त्या काहीच पेलत नाहीत, कारण सगळा डोंगर एकसंध आहे. तेथे आमच्या गुरुजींनी मुलांना प्रश्न केला होता की ज्या वाशाची गरज नाही तो कोरला का. कोणालाच उत्तर आले नाही. गुरुजी म्हणाले, "सुतार आधी होता, पाथरवट मागून आला. पाथरवटाच्या हाताला लाकडाचे घर आठवत होते." पुढे नोकरीत असताना कार्ल्याची लेणी पाहिली. तेथे तर दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या खऱ्या लाकडी फासळ्या अजून छताला आहेत. दगडात राहून लाकूड इतके टिकते, हे मी कितीतरी वेळ मान वर करून पाहत राहिलो होतो. लाकूड फार दिवस टिकत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते जपणाऱ्यांवर अवलंबून असते.

चर्चमध्ये पर्यटकांना माहिती देण्यासाठी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. स्थानिक रहिवासी, सेवाभावाने येणाऱ्या. मुलगी दुभाषी झाली. बाईंनी सांगितले की ही इमारत पाडणार नाहीत, सुटीही करणार नाहीत. अख्खी उचलून चाकांवर ठेवतील आणि नव्या जागी नेतील. मला वाटले मुलीने भाषांतर चुकवले. मी पुन्हा विचारायला सांगितले. बाई हसल्या, हाताचे दोन्ही तळवे आडवे धरून हळूहळू हवेतून नेऊन दाखवले, जसे आपण भरलेली परात नेतो. त्यांचा बाप्तिस्मा येथे झाला होता, लग्न येथे झाले होते, नवऱ्याला येथूनच निरोप दिला होता. त्यांचे राहते घर आधीच गेले होते. त्या नव्या भागात सदनिकेत राहत होत्या.

मी विचारले, "तुम्हाला हे बरे वाटते का?"

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की घर गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, कारण त्यांना ठाऊक होते की चर्च येणार आहे.

मी म्हणालो, माझे गावही असेच उठले. धरणाच्या पाण्याखाली गेले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "तुमचे देवघर नेले का त्यांनी?"

मुलीने हा प्रश्न मला मराठीत सांगितला. मी उत्तर दिले नाही. पाहुण्याला प्रश्न आवडला नाही असे वाटून बाईंनी विषय बदलला आणि आम्हाला ऑर्गन दाखवायला नेले. ऑर्गनविषयी त्या जे बोलल्या त्यातले मला एक अक्षर आठवत नाही.

आमच्या वस्तीतील विहार 1957 च्या उन्हाळ्यात बांधला गेला. आदल्या वर्षी 14 ऑक्टोबरला माझे आजोबा नागपूरला गेले होते. मलकापूरहून रेल्वेने, फुकट्या प्रवाशांच्या गर्दीत, पांढरे धोतर बगलेत धरून. परत आल्यावर वस्तीने ठरवले की आपली म्हणून एक जागा हवी. मातीच्या भिंती, वर धाबे. खांब बाभळीचे होते, पण मधली तुळई सागवानाची होती. पडक्या वाड्याचे लाकूड लिलावात निघाले तेव्हा सत्तावीस घरांनी मिळून ती घेतली. सोळा फूट लांब. तिच्या दर्शनी बाजूवर वर्गणी देणाऱ्या सत्तावीस घरांची नावे कोरावीत असे ठरले. सुतार निरक्षर होता, वस्तीही निरक्षर होती. अक्षर येत होते ते एकाच पोराला. तो तेव्हा पाचवीत होता. त्याने कोळशाने नावे काढून दिली आणि सुताराने ती पटाशीने कोरली. अक्षरे सगळी वाकडी. एका नावाचा काना सुटला आहे, शेवटची चार नावे जागा पुरली नाही म्हणून दाटीवाटीने लिहिली आहेत. तो पोरगा म्हणजे माझे वडील. मी नववीत असताना ते वारले.

1988 च्या उन्हाळ्यात गाव उठण्याची तारीख आली. मी बारावी होऊन घरी आलो होतो. आपल्या शाळेत शिकलेला, सभेत न अडखळता बोलणारा, म्हणून वस्तीच्या बैठकीत मला मान होता. प्रश्न होता विहाराचा. नव्या गावठाणात सिमेंटचा विहार बांधायचा हे नक्की झाले होते, पैसे कमी पडत होते, आणि एक लाकूड व्यापारी तुळईला चांगली किंमत देत होता. काही म्हाताऱ्यांचा जीव होईना. तेव्हा मी उभा राहिलो. वसतिगृहात पौर्णिमेला भंते येत, त्यांनी सांगितलेला नावेचा दृष्टांत मला तोंडपाठ होता. एका माणसाला नदी ओलांडायची असते. तो गवत, काटक्या, फांद्या बांधून तराफा करतो आणि पलीकडे पोहोचतो. मग त्याने तो तराफा डोक्यावर घेऊन पुढे चालावे का? भगवंतांनी भिक्खूंना विचारले, आणि सांगितले की तराफा तरण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. मी हे सगळे छान सांगितले. शेवटी म्हणालो, "लाकडात जीव गुंतवणे आपल्याला शोभत नाही. तुळई विकावी."

बैठक गप्प झाली. शिकलेल्या पोराने धम्मातलेच सांगितले, आता काय बोलणार. तुळई विकण्याचे ठरले.

रात्री आई चुलीपुढे बसली होती. तिने माझ्याकडे न पाहता विचारले, "बापू, नदी वलांडली कोनं? आपन तं आता बुडून राह्यलो."

मी हसलो. खरेच हसलो. मला वाटले, तिला दृष्टांत कळला नाही. आठ दिवसांनी मी प्रवेशासाठी औरंगाबादला निघून गेलो.

पुढचे मला बहिणीच्या अंतर्देशीय पत्रातून कळले. व्यापाऱ्याची गाडी ठरल्या दिवशी आली नाही. गावातल्या सगळ्या बैलगाड्या घरांची दारे, कवाडे, धान्य वाहण्यात गुंतल्या होत्या. पाणी चढण्याची दवंडी झाली होती. आईने वस्तीतल्या सात बायांना गोळा केले. तुळईखाली दोरांचे फास अडकवले, फासांतून दांडे घातले, आणि आठ जणींनी ती चार किलोमीटर चढावर नव्या गावठाणापर्यंत नेली. वाटेत अकरा वेळा टेकवली, असे बहिणीने लिहिले होते. तिने मोजले होते, कारण दर वेळी पाणी देण्याचे काम तिच्याकडे होते. पत्राच्या शेवटी एक ओळ होती, "दादा, तू रागावू नको." मी रागावलो नाही. मी फक्त त्या पत्राला उत्तर देताना तुळईचा उल्लेख केला नाही.

नवा विहार झाला. त्याच्या सपाट स्लॅबला तुळई लागत नव्हती. ती बाहेर, भिंतीच्या कडेला, दोन दगडांवर ठेवली गेली आणि बसायची जागा झाली. पोरे त्यावर दप्तरे ठेवतात, म्हातारे तंबाखू मळतात. नावे भिंतीच्या बाजूला गेली आहेत. वाचायची तर खाली वाकून, मान तिरकी करून वाचावी लागतात.

किरूनाहून परतताना रात्रीचे दहा वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होते. मी मुलीला ही सगळी हकीकत प्रथमच सांगितली. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, त्यावर आजोबांचं अक्षर आहे हे तुम्हाला बैठकीत माहीत होतं?"

"माहीत होते."

"आणि आजीला वाचता येत नाही."

"नाही."

ती पुढे काही बोलली नाही. मला मात्र त्या उजेडात एकेक गोष्ट दिसू लागली. आईला अक्षर येत नव्हते, पण तुळईवरचा कोणता ओरखडा कोणाचा हे तिला ठाऊक होते. लग्न होऊन आली तेव्हा वडिलांनी तिला एकेक नाव बोटाने दाखवले असणार. माझ्याकडे वडिलांच्या अक्षरातली दोन पत्रे होती, शाळेचा दाखला होता, वह्या होत्या. तिच्याकडे लाकडाचा एक ओंडका होता. आणि मी तिला धम्म शिकवायला निघालो होतो. नावेचा दृष्टांत आजही मी तितकाच खरा मानतो. पण तो पलीकडे पोहोचलेल्यांसाठी आहे, हे त्यातच सांगितलेले असताना मी ते वगळले होते. ज्या बाईच्या दारापर्यंत पाणी आले होते तिने ते नेमके ऐकले होते.

या गोष्टीबद्दल मी आईशी बोलेन, असे त्या गाडीत ठरवले. दोन वर्षे बोललो नाही. अशा गोष्टींना घरात जागा सापडत नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये मुलीने फोन करून सांगितले की चर्च निघते आहे, स्वीडनचे दूरदर्शन सारा वेळ दाखवणार आहे. मी तेव्हा गावी होतो. पोळा दोन-तीन दिवसांवर आला होता, पावसाने उघडीप दिलेली नव्हती. 19 तारखेला दुपारी मी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून आईसमोर ठेवला. तिचे वय आता नव्वदीकडे झुकले आहे, एका डोळ्याला नीट दिसत नाही.

पडद्यावर ते लाल घर होते. त्याखाली पोलादी तुळया घालून, त्या तुळया बहुचाकी वाहनांवर चढवल्या होत्या. 672 टन वजन. रस्ता मूळचा नऊ मीटर रुंद. चर्चला वाट मिळावी म्हणून तो चोवीस मीटर केलेला. एकूण पाच किलोमीटर जायचे होते आणि त्याला दोन दिवस दिले होते. वेग तासाला अर्धा ते दीड किलोमीटर. आतले वेदीचे चित्र आणि ऑर्गन हलू नयेत म्हणून बांधून, गुंडाळून ठेवलेले. दोन्ही बाजूंना माणसांची दाटी, बरेच जण पारंपरिक पोशाखात. पाहिले तर ते हललेले कळत नव्हते. मागच्या खांबाकडे लक्ष ठेवले तरच कळे.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माय व, येवढं मोठं घर चालून राह्यलं का?"

"हो."

"किती बैलं लागले असतीन?"

मी सांगितले, बैल नाहीत, यंत्र आहे. तिला ते फारसे पटले नाही. पोळ्याचे दिवस असल्यामुळे असेल.

"अंदर कोनी बसलं हाये का?"

"नाही. रिकामं आहे."

"अन् खर्च?"

"खाणीच्या कंपनीनं केला." मुलीने सांगितलेला आकडा पन्नास कोटी क्रोनरचा होता. तो रुपयांत करून सांगण्याचे मी टाळले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून मोबाईल लाव म्हणाली. त्या दिवशी स्वीडनचे राजेही तेथे आले होते. मी ते तिला दाखवले, पण तिचे लक्ष चाकांकडे होते. एका वळणावर गाडी थांबली. माणसे खाली वाकून काही तपासत होती. आई म्हणाली, "टेकवलं." मी म्हटले, "नाही माय, थांबलंय फक्त." ती म्हणाली, "आमी अकरा डाव टेकवली."

मी मोबाईलकडेच पाहत राहिलो. तिच्या तोंडून ती गोष्ट मी प्रथम ऐकत होतो. ती पडद्याकडे पाहत, जशी रानातली कामे सांगावीत तशी सांगत गेली. कोणत्या चढावर दोर तुटला, कोणाच्या खांद्याचे कातडे गेले, ओढ्यापाशी एक जण म्हणाली की येथेच सोडून देऊ, आणि मग कोणीतरी गाणे धरले. त्या आठ जणींपैकी आता ती एकटी उरली आहे. मी मध्ये म्हणालो, "माय, त्या बैठकीत मी जे बोललो ते..." तिने हाताने मला थांबवले. चर्च पुन्हा हलू लागले होते.

संध्याकाळ होता होता ते नव्या जागी पोहोचले. शेजारी दफनभूमी आहे. लोक टाळ्या वाजवत होते. घंटांचा आवाज मोबाईलमधून बारीक येत होता.

"बसलं का नीट?" आईने विचारले.

"बसलं."

"बरं झालं." तिने चष्मा काढून पदराला पुसला. मी म्हणालो, आपण तुळई आत घेऊ या, नावे समोर येतील अशी भिंतीवर लावू, मी खर्च करतो. तिने मान हलवली. "पोरं कुठी बसतीन मंग?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पाह्य बरं, बाहीर भिजून राह्यली असंन."

मी उठून विहाराकडे गेलो. पाऊस चालूच होता. तुळई काळी पडली होती आणि तिच्यावर कोणाचे तरी शाळेचे दप्तर राहिले होते. ते मी आत नेऊन ठेवले.